छाट

सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात,
तहसीन मॅडम विचारतात.
मिनिटांत सांगायचं.
आधी मी म्हणायची, दोन जुड्या होईपर्यंत.
मग त्यांनी एकदा घड्याळ घेऊन
माझ्याकडून हिशेब काढला.
आता मीच सांगते, चाळीस.

फॉर्मात पुढे असतं:
बरणीचं झाकण उघडता येतं का,
गाडीत चढता-उतरता येतं का,
नळ फिरवता येतो का.
गाडी नाही.
नळाला पाणी चार दिवसाआड, रात्री दोनला.
हल्ली मी फिरवते, माझा आणि शेजारी राजमणीचाही.
भिजलेलं पान कात्रीनं कापून,
चिमूट तंबाखू घालून,
शेवटचं टोक आत दुमडता येतं का,
हे त्यात नाही.

विडी घरकुलातून सात रस्त्याला
आम्ही दोघी एकाच रिक्षानं गेलो होतो.
बोटं सारखीच वाकडी,
तिची जरा जास्तच.
कॅमेऱ्यापुढे बसून दोघींनी सांगितलं,
मी मराठीत, तिनं तेलुगूत:
समजलं, कोणी जबरदस्ती केली नाही,
कधीही सोडून जाता येतं.
रक्त मुंबईला गेलं.
आठ दिवसांनी मी पात्र.

तिच्या रक्तात टीबी निघाला, झोपलेला.
ताप नाही, खोकला नाही, नुसता झोपलेला.
हे औषध त्याला उठवू शकतं, डॉक्टर म्हणाले,
तुमच्या भल्यासाठीच नाही म्हणतोय.

राजमणी हसली.
कारखान्यात चेकर रोज संध्याकाळी
हजारातल्या पन्नास-साठ बाजूला काढतो,
छाट म्हणतो, पैसे कापतो,
आणि विड्या काही परत देत नाही.
"ह्यांनी निदान कारण तरी सांगितलं," म्हणाली.

वर्ष संपलं. औषध चालतं, हे त्यांना कळलं.
आता पुढची पाच वर्षं बघायचं,
सोसतं का.
पुन्हा सही, पुन्हा कॅमेरा, पुन्हा रक्त.
दीर्घकालीन सुरक्षितता.
रिक्षात मी तीनदा म्हणून पाहिलं,
पानाच्या शिरेसारखं दातात अडकतं.
मागच्या भेटीनंतर काही नवीन, मॅडम विचारतात.
नवीन नाही.
एकतीस वर्षं मांडीवर सूप आहे,
पण ते जुनं,
त्याला रकाना नाही.

बाटली परत न्यावी लागते,
उरल्यासुरल्या गोळ्यांसकट.
स्टीलच्या ट्रेमध्ये ओतून
मॅडम पट्टीनं दोन-दोन सरकवत मोजतात.
गड्ड्याची जत्रा उठली, त्यानंतरच्या भेटीला
सहा कमी भरल्या.

"अक्का?"

मोरीत सांडल्या, म्हणाले.
पाणी आलं होतं, अंधार होता.
त्यांनी लिहिलं, मोरीत सांडल्या.
तारीख घातली, माझी सही घेतली.
माझी सही हल्ली चांगली येते.

झालं असं, की संक्रांतीच्या थंडीत
राजमणी जुडीचा दोरा दातांनी ओढताना दिसली.
उंबऱ्यात बसली होती, पाठ माझ्याकडे.
मी काही विचारलं नाही, तिनंही नाही.
रोज एक, सहा दिवस.
सातव्या दिवशी तिनं हात मागे घेतला.
"तुझ्या बाटलीत कमी पडतील," एवढंच.
बोटं उघडली होती का तिची,
तेही मी विचारलं नाही.

तेव्हापासून रात्री दोनला नळ सूं करून वाजला
की उठण्याआधी भिंतीला कान लावते.
घरकुलाची भिंत, चार इंची.
बादली सरकते. चप्पल.
मग ती खाकरते.
तंबाखूचा खाकर की दुसरा कुठला,
इतकी वर्षं शेजारी बसून विड्या वळल्या
तरी मला सांगता येत नाही.

पुढची भेट सोळा तारखेला.
उपाशी पोटी यायचं.
मॅडम विचारतील, काही नवीन?
माझ्या छातीचा फोटो
स्वच्छ आहे.