पिवळे तळवे

दोन हंगाम माझे तळवे पिवळे होते.
पाम तेलात पूड, तेलात खाद्य,
खाद्यात कोपरापर्यंत माझा हात.
डोत्से म्हणायचा, काफुई, नीट कालव,
दाण्यान्‌दाण्याला लागलं पाहिजे.
लागायचं.
मासे आजारी नव्हतेच तेव्हा.
आजार येऊ नये म्हणून औषध,
चोर येऊ नये म्हणून रोज रात्री
अंधारात काठी फिरवावी, तसं.

आमचे पिंजरे बुडालेल्या गावावर तरंगतात.
धरण झालं आणि आजोबांचं घर व्होल्टाच्या तळाशी गेलं.
झाडं तेवढी वर राहिली, वाळकी, उभीच्या उभी,
त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवतात.
या पाण्यात एवढं विरघळलंय, भाऊ म्हणायचा,
चिमूटभर आणखी.
आणि रिकामी पुडी चुरगळून पाण्यात टाकायचा.

मग मार्चमध्ये तिलापिया वर आले.
डोळे बटणांसारखे बाहेर,
एका जागी गोल गोल, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे.
पहिल्या दिवशी चाळीस.
आम्ही पूड दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी चारशे.
तिप्पट केली.
मोटारसायकलवरचा विक्रेता म्हणाला, कंपनी बदला, बाई.
या वेळी पाकीट निळं होतं.
पूड पिवळीच.

मेलेले उपसताना एकाचा काटा अंगठ्यात गेला.
काट्याचं काय एवढं, आम्ही काट्यांतच वाढलो.
पण अंगठा कोनफळासारखा सुजला, तसाच जांभळा.
दवाखान्यातल्या नर्सने कॅप्सूल दिल्या.
घरी येऊन एक मी उघडली, उगीच,
आणि आतून ती बाहेर सांडली,
ओळखीची, पिवळी.
पाच दिवस घेतली.
अंगठ्याने दाद दिली नाही.

यायरा नावाची मुलगी प्रयोगशाळेतून आली
ती त्यानंतर, होड्यांच्या शेडमध्ये,
हातात काचेची बशी घेऊन.
बशीत आमच्याच माशाच्या मेंदूतले जंतू,
वर कागदाच्या सहा टिकल्या, सहा औषधांच्या.
औषध चालतं तिथे टिकलीभोवती
रिकामं वर्तुळ पडतं, ती म्हणाली,
दिव्याभोवती उजेड पडावा तसं.
मी माझ्या टिकलीकडे बघितलं.
जंतू अगदी कडेला येऊन टेकले होते.
रिकामी जागा
औषधालासुद्धा नव्हती.

म्हाताऱ्या आग्बेकोने विचारलं,
म्हणजे आमचे मासे औषध खाऊन हुशार झाले?
मासे नाही, बाबा, मासे मेले.
जे मेले नाहीत ते हुशार झाले.
सगळे हसले. मीही हसले असते.
मी हात वर केला,
बोलायचं होतं म्हणून नव्हे,
पण पट्टी दिसली आणि शेड गप्प झाली.
मोठ्या इस्पितळात शिरेतून दुसरं औषध दिलं,
मी वाचले. अंगठ्याचं वरचं पेर गेलं.
एवढंच सांगितलं.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात,
आम्ही तर माया करत होतो,
डोळे मिटून, मापाबाहेर.

आता एका पिंजऱ्यात पूर्वीच्या निम्मेच मासे सोडतो.
डोत्से कुरकुरतो, जाळं रिकामं वाटतं म्हणतो.
मेलेले पाण्यात टाकत नाही, काठावर खड्डा, वर चुना.
गुरुवारी झेमेनीच्या बाजारात
गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं,
त्याला यातलं काहीच दिसत नाही,
भाव तोच.

छपराच्या पत्र्याखाली भावाने सात पुड्या लपवल्यात.
मला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही.
रोज पहाटे आधी मेलेले मोजते, मग पत्र्याखाली हात घालते.
काल मेलेले अकरा.
खाद्य मी कोरडंच कालवलं, तळवे उलटे करून पाहिले.
पुड्या सात.
आज मेलेले एकोणीस.
डोत्से उठलाय, पत्रा वाजतोय.
मी होडीतूनच हाक मारते,
आधी यायराला फोन लाव.