जुना डाग

"पाच मिनिटं," इगाराशी सर म्हणाले
आणि अंडी उकडताना लावतात तसलं घड्याळ
टेबलावर ठेवलं.

मी उभी राहिले. वय बासष्ट,
तीनदा साबण लावूनही बोटांना कॉडचा वास.
कुशिरोच्या या रात्रशाळेत आम्ही नऊजण,
आज सात. बाहेर धुकं इतकं दाट
की बंदराचा भोंगा
खिडकीत येऊन बसल्यासारखा वाटत होता.

म्हटलं, हे पुस्तक हजार वर्षांपूर्वीचं.
एका बाईनं लिहिलंय. नाव कुणालाच ठाऊक नाही,
'मिठागराच्या कारकुनाची थोरली' एवढीच ओळख.
म्हणजे बापाचंही नाव नाही, नुसता हुद्दा.
मागच्या बाकावर वाताराई फिसकन हसला.
केस पिवळे केलेले, पेट्रोल पंपाचा गणवेश अजून अंगात.

राजवाड्यात चाकरीला होती, मी सांगत गेले.
तिला कुणाची तरी पत्रं यायची, मग येईनाशी झाली.
तेवढ्यावर दोनशे पानं.
मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू?
दिवसभर बर्फात हात घालून मासे चिरायचे
आणि रात्री हिच्या न आलेल्या पत्राचं रडगाणं ऐकायचं?
त्यात भाषा जुनी, निम्मी डोक्यावरून जाणारी.
मुलाच्या दप्तरातली जुनी पट्टी ओळीखाली धरून
एका रात्री एक पान, कधी अर्धंच.
डोळा लागला की पट्टी गालाला रुतायची.

मग एकशे बाराव्या पानावर ती पोर आली.

तिच्या वाट्याला एकच वाक्य आहे:
दिवा धरणारी पोर पेंगली, तेल माझ्या बाहीवर सांडलं,
कुसुंबी रंग गेला.
पुढच्या ओळीत परत चंद्र.

मी पट्टी तिथंच धरून बसले.
कधीपासून उभी असेल ती?
लिहिणारीला अक्षर दिसावं म्हणून
हात खांद्याच्या वर, पाठ वाऱ्याकडे.
ही दोनशे पानं तिच्याच उजेडात लिहिली ना,
मी विचारलं. वर्गात कुणी काही बोललं नाही.

सोळाव्या वर्षी डबाबंद कारखान्याच्या रात्रपाळीत
मी उभ्या-उभ्या झोपले होते,
टोपलीभर मासळी भुईवर.
मुकादमाच्या वहीत कुठंतरी असेल:
एक टोपली नुकसान.
माझंही एकच वाक्य.
हे मात्र मी वर्गात सांगितलं नाही.
वर्गात म्हटलं, निसर्गाची वर्णनं फार सुंदर आहेत.

घड्याळ टर्रर्र वाजलं.

थुईनं विचारलं, "पत्र शेवटी आलं का?"
तिची आई हनोईच्या पलीकडे कुठल्याशा खेड्यात असते.
"नाही आलं," मी म्हटलं, आणि वाटलं,
थोडं हळू सांगायला हवं होतं.

वाताराईनं हात वर न करताच विचारलं,
"त्या पोरीला मारलं का मग?"
"लिहिलेलं नाही."
"म्हणजे मारलं असणार," तो म्हणाला
आणि खिडकीकडे बघत राहिला.
खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

मतं मोजली. कोणतं पुस्तक वाचावंसं वाटलं?
रहस्यकथेला चार, भुतांना दोन,
मला एक. कुणाचं, ते कळायची सोय नव्हती,
चिठ्ठ्या घडी घातलेल्या.

तीन आठवडे कपाटातली माझी जागा रिकामी होती,
म्हणजे पुस्तकाची.
मग एका संध्याकाळी ते परत आलं,
आडवं, दुसऱ्याच रांगेत खुपसलेलं.
मी थेट एकशे बारा काढलं.

त्या वाक्यापासून दोन बोटं खाली
तेलाचा थेंब.
कागद तिथं पारदर्शक झालेला,
मागच्या पानाची अक्षरं उलटी दिसत होती.
नाक लावलं: करीपाव. पंपाच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला,
साठ येनला मिळतो, उरलेला असला की.

तेवढ्यात ग्रंथालयाच्या मोरियासु बाई खांद्यावरून डोकावल्या.
"हे काय! कोणी केलं हे?"

मी पुस्तक मिटलं.
"जुनाच डाग आहे," म्हटलं.