कापणीआधी

तांबडं फुटायच्या आत उडवावा लागतो ड्रोन.
ऊन चढलं की दगडही तापतात,
चिचुंद्रीनं उकरलेली माती तापते,
आणि पडद्यावर सगळंच जिवंत दिसू लागतं.

म्हणून पहाटे साडेचारला
तिरोलच्या ह्या उतारावर
मी आणि वाल्बुर्गा, बुटांत दव.
बॅटरी बावीस मिनिटांची.
सातला कोर्बिनियान ट्रॅक्टर काढणार,
उद्यापासून पाऊस सांगितलाय.

पाडस पळत नाही.
कुणी शिकवलेलं नसतं, अंगातच असतं ते:
चाहूल लागली की निपचित पडायचं.
कोल्ह्यापुढे चालतं हे शहाणपण,
पात्यांपुढे नाही.

पडद्यावर करडं गवत, करडं गवत,
करडं.
मग एक पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा.
"डावीकडे. अजून सात पावलं. थांब, पायाशीच आहे."
वाल्बुर्गा वाकते, गवत बाजूला करते
आणि तिचे खांदे सैल पडतात.

हाताचा वास लागू नये म्हणून
दोन्ही मुठींत गवत धरून उचलायचं त्याला.
जीव मुठीत धरणं
इतकं शब्दशः मी पाहिलं नव्हतं.

कोर्बिनियान कुंपणाशी येतो.
दर खेपेला एकच विचारतो:
"ऊबदार आहे ना?"

गेल्या नोव्हेंबरात त्याचे वडील
घरातल्या सपाता घालून रात्री बाहेर पडले,
वीस वर्षांपूर्वी विकलेली गाय आणायला.
तेव्हाही हाच ड्रोन, हाच पडदा, मीच.
चार बॅटऱ्या संपवल्या.
दोन कोल्हे दिसले, एक घुबड,
आणि शोधायला निघालेली अकरा माणसं.
म्हातारा ह्याच कुरणात होता.
मी त्याच्यावरून तीनदा गेलो.
तोवर तो गवताच्या रंगाचा झाला होता.

ह्याबद्दल कोर्बिनियान बोलत नाही.
जूनमध्ये पहिला फोन मात्र त्याचाच येतो.

आज तीन सापडली.
कापणी उरकेपर्यंत खोक्यांखाली, रानाच्या कडेला.
आत कुठंतरी हरिणी खाकरल्यासारखी भुंकत राहिली.
शेवटचं खोकं त्यानंच उचललं.
पाडसानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पायांकडे,
आपलेच आहेत का, अशा बेतानं,
आणि गेलं.

बॅटरीत चार मिनिटं उरली होती.
उगाच उडवला मी पुन्हा, कापलेल्या कुरणावरून.
ऊन चढलेलं. पडदाभर पांढरे ठिपके.
कोर्बिनियान माझ्या खांद्यावरून वाकला.
"हे काय सगळं?"
"दगड," मी म्हणालो.
तो बघत राहिला.