डेड स्टॉकला एक नग

नववीच्या वर्गामागे, सायकली लावतात त्या भिंतीशी,
मला ते सापडलं :
हायलायटरसारखं, पोपटी, टोकाला भोक.
मी प्रयोगशाळेचा माणूस,
बत्तीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय,
म्हणून सवयीनं हातानं वारा ओढून हुंगलं,
थेट नाकाशी नेलं नाही.
केळं.
सावद्यात, जिथं चारी बाजूंनी केळीच उभी,
तिथं कुणी पोरगं
केळ्याचा वास विकत घेतंय.

मधल्या सुट्टीत हितांशू नेहते आला,
चप्पल घासत, भिंतीशी वाकून शोधत.
"काय हारपलं रे?"
"पेन ड्राईव्ह, काका."
"काय भरलंय त्यात? भूगोल?"
हसला नाही.
मग एकदम वकिलासारखा म्हणाला,
"तंबाखू नाही त्यात. धूरपण नाही.
नुसती वाफ. भातावर येते तशी."
आठशे रुपये, सहा जणांची वर्गणी.
दुकान सांगितलं नाही,
मी विचारलं नाही. माहीत आहे मला,
मोबाईलच्या काचा बदलतात तिथं, काउंटरखाली.
बंदी आहे त्यावर. गुटख्यावरही आहे.

त्याच्या शर्टावर चिकाचे डाग,
रविवारी बापाबरोबर घड उतरवताना पडलेले.
केळीचा चीक लिंबानं जात नाही, रॉकेलनंही नाही.
"ह्या केळ्याला चीक कुठाय?" मी विचारलं.
"नाहीच ना!" तो खूश.
"असणार. डाग पडायला शर्टच लागतो असं कुठंय."

त्याच्या काकाचं रायपनिंग चेंबर आहे फैजपूर रस्त्याला.
हिरवीकच्च फळं आत, दार बंद, गॅस,
चार-पाच दिवसांत पिवळीधमक.
घाई ट्रकला असते,
केळ्याला नसते.
हे मी बोललो नाही. रात्री सुचलं.

तेव्हा एवढंच म्हटलं, तोंड उघड.
तीन बोटं घाल, उभी.
गेली. आरामात. चौथंही गेलं असतं.
"आता माझं पाह्य."
दीड.
दुसरं बोट अर्ध्यातच दाताला अडतं.
पंधराव्या वर्षी पहिली पुडी फोडली मी
भुसावळच्या यार्डात.
सुपारीच आहे, म्हणाला होता फोडणारा,
वेलदोड्याचा वास होता तिला.
आता कळण्याच्या भाकरीचा तुकडा आडवा जात नाही,
भरीत बोटानं सारावं लागतं
आणि मिरची लागली की डोळ्यांतून पाणी.
केळं तेवढं जातं.
रोज दोन.

हितांशू माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
घंटा झाली तरी.
लांब भाषण द्यायचं मनात होतं,
पण ह्या तोंडातून लांब वाक्यं निघत नाहीत.
"जाय," म्हटलं, "तास सुरू झाला."

मोठ्या सरांना नावासकट सांगितलं
तर दाखला हातात,
मग पोरगं दिवसभर त्याच काउंटरपाशी.
त्यांना दुकानाचं सांगितलं.
पोराचं नाव माझ्यापाशी ठेवलं.
बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

संध्याकाळी डेड स्टॉकचं रजिस्टर काढलं.
फुटका थर्मामीटर, गंजका चिमटा,
त्याखाली लिहिलं :
नळी, पोपटी, एक नग. वास केळ्याचा.
मालकाच्या रकान्यात रेघ मारली.

मंगळवारी ड्रॉवर उघडला
तर आत दोन होत्या.
दुसरी निळी, टरबुजाच्या वासाची.
त्या ड्रॉवरला मी कुलूप लावत नाही.
बुधवारी काही नाही. गुरुवारीही नाही.
शुक्रवारी सातवीची दोन पोरं दारात उभी,
तोंडात तीन-तीन बोटं खुपसलेली,
बोलता येईना म्हणून एकानं काढली
आणि विचारलं,
"काका, आमची जाताय ना बरोबर?"