पत्र्याखाली साठ

सावद्याच्या रायपनिंग चेंबरला मे महिन्यात
एकाच भिंतीला दोन हवामानं असतात.
आत केळी सतरा अंशांत, क्रेटमध्ये ओळीनं,
हिरव्याची पिवळी होत, कुणालाही न सांगता.
बाहेर सत्तेचाळीस.
आणि वर, पत्र्याच्या पोटाशी,
जिथून कॉम्प्रेसरची वायर जाते,
तिथं सुभान तडवींनी थर्मामीटर सुतळीनं बांधला
आणि बिडी पेटवली.
बिडी संपली तेव्हा साठ.

रोज दुपारी वीसचा एमसीबी पडायचा,
म्हणून फेगडे शेटनी बत्तीसचा बसवला होता.
"म्हणजे भांडखोर राखणदार काढला," सुभानभाऊ म्हणाले,
"आन् बहिरा ठेवला."
मी वायर सोलली.
लाल आवरण काताच्या रंगाचं झालेलं,
वाकवलं तर वाळल्या शेंगेसारखं तडकलं.
वास असा, की नाक आधी मागं सरतं
आणि मग कळतं का.

शेट म्हणाले, दुकानदारानं तक्ता दाखवलाय,
चार स्क्वेअरला चोवीस अँपिअर,
माझी मोटर ओढते सोळा.
शिकले आहेत शेट. गुळगुळीत कागद होता.

"तक्ता खोटा नई," सुभानभाऊ म्हणाले,
"खाली बारीक अक्षरात काय लिव्हलंय, वाच पोरी."
मी वाचलं: भोवतालचं तापमान चाळीस.
चाळीस! इथं चाळीस कधी असतात?
पहाटे पाणी भरताना, क्वचित रात्री गच्चीवर.

"वायरची हद्द सत्तर.
साठ तर हवेनंच खाल्ले.
उरले किती?"
दहा.
"त्या दहात तिनं आपला ताप मावून घ्यायचा
आन् शेटची मोटरबी ओढायची."

चोवीस गुणिले शून्य पूर्णांक अठ्ठावन्न.
आयटीआयच्या वहीत हे मी
परीक्षेपुरतं लिहिलं होतं,
इथं क्रेटच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. चौदा.
"एका पाइपात किती सर्किटं?"
तीन.
"मे महिन्यात एका गोधडीत तिघं. लाव सात दशांश."
दहासुद्धा नाहीत.
शेटनी पुठ्ठा हातात घेतला,
उलटा धरून पाहिला, जणू मागच्या बाजूला
काही सूट छापलेली असेल.

"मग जाड टाका."
"टाकू की. दहाची टाकू, तांब्याचा भाव तुम्हाला ठाऊक.
नईतर तिला सावली द्या."

दोन दिवस लागले.
ओळ पत्र्यावरून खाली आणली,
उत्तरेच्या भिंतीनं, निंबाच्या बाजूनं,
प्रत्येक सर्किटाला आपला पाइप, मध्ये मोकळी जागा.
तिथं सत्तेचाळीस, त्याहून वर नाही.
तीच चारची वायर, नवी: एकवीस.
वीसचा एमसीबी परत जागेवर.
सोळा, वीस, एकवीस.
या क्रमानं आकडे बसले की
मालकाला झोप लागते, आणि वायरलाही.

जुनी वायर ओढायला सुभानभाऊ स्वतः वर चढले.
फैजपूरच्या डॉक्टरांनी पत्र्यावर जायला
मनाई केली आहे, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलेलं.
खाली उतरले, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसले,
तळहात लाल, रुमालातून घाम गळतोय.
म्हणाले, "आता माझा गुणक काढ."
मी हसले. मग पुठ्ठा शोधू लागले.
वय एकसष्ट, पत्र्याखाली साठ,
घरात खाणारे सात.
हे कुठल्या रकान्यात बघायचं?

"पुढच्या येळी तू चढ," ते म्हणाले,
"पण सकाळी सातला."

आज दुपारी दोनला मी पाइपावर हात ठेवला.
गरम आहे, पण हात ठेवून बोलता येतं इतकाच.
आत केळी पिवळी होतायत.
बत्तीसचा तो बहिरा माझ्या पिशवीत आहे,
शेट दोनदा मागून गेले.