ही बाजू भिंतीकडं

दिवाळी सरली की टेबलाखालचं पोतं फुगतं.
कटोरीची कात्रणं, बाहीचे त्रिकोण,
खणाच्या काठाची बोटभर पट्टी,
आणि यंदा तो मोरपंखी ब्लाऊज,
ज्याचं माप देऊन गेलेली बाई परत आलीच नाही.
तीन वर्षं हँगरवर होता.
उसवताना उगीच दाराकडं बघितलं.

मेहरूनभाभी लक्ष्मीपुरीतून कापूस घेऊन आल्या,
गाद्या भरून उरलेला.
कुठं सरकी, कुठं गाठ,
एका पिशवीला कुणाच्या तरी उशीचा, खोबरेलाचा वास.
"पुन्हा पिंजलाय, पण वास जायचा न्हाई.
दोन दिवस उन्हात टाका."

दुपारी दोन ते चार. शटर अर्धं खाली.
अक्काताई चौगुल्यांचा टाका तांदळाएवढा,
माझा गव्हाएवढा. घाई हातात मुरलीय.
तीस वर्षं छाती-कंबर-शोल्डर वहीत लिहून शिवलं,
वाकळंला माप कुणाचं लावायचं?
"झोपल्याल्या माणसाचं," अक्काताई म्हणाल्या
आणि सरळ फरशीवर आडव्या झाल्या.
एका कुशीवर, गुडघे पोटाशी.
मी खडूनं भोवती रेघ मारली.
भाभी इतक्या हसल्या की सुई हरवली,
ती शोधण्यात अर्धा तास गेला.

पाच वाकळा झाल्या.
पाचवीच्या एका कोपऱ्याला कापूस पुरला नाही.
कात्रण भरलं तर टोचतं,
विकत आणावा तर मग उरल्यासुरल्याची कसली?
शेवटी लाल दोऱ्यानं काठावर घातलं:
ही बाजू भिंतीकडं.

थोरल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात
रात्री नऊला माणसं पेपर अंथरत होती.
पाचवी गेली राधानगरीकडच्या एकाला.
बायको आत, चार वर्षांचं पोर मांडीवर.
त्यानं दोऱ्यावर बोट फिरवत अक्षरं लावली,
मान हलवली,
पोराला भिंतीकडं निजवलं
आणि वाकळ फिरवून घेतली.
पातळ कोपरा त्याच्याच खांद्यावर आला.
मी सांगणार होते, उलटी घेतलीय म्हणून.
भाभींनी माझं मनगट धरलं.

सकाळी दुकान झाडलं,
तेवढी रेघ सोडून.
पहिलंच गिऱ्हाईक, हातात पैठणीचा पीस,
पाय उचलून थबकली:
"हे काय काढलंय, बाई?"
"माप," म्हटलं.
"या, बाजूनं या."