तिसरा हिस्सा

भरतीला ते पाणी आत ओढतं,
ओहोटीला बाहेर टाकतं.
अँड्रॉस बेटाच्या तिवरांत, खाडी जिथे कमरेत वळते तिथे,
निळं, वाटोळं, पापणी नसलेलं भोक.
माझ्या आज्याची होडी त्यानं गिळली होती.
तीन दिवसांनी वल्हं परत दिलं,
होडी नाही.
आजा पोहत आला, आणि जन्मभर
वाडग्यातलं सूपसुद्धा ढवळायला कचरला.

म्हातारे म्हणतात, आत लुस्का आहे,
अर्धी शार्क, अर्धी अष्टपाद.
माझा भाऊ लेव्हाय म्हणतो, आत चुनखडी आहे
आणि चुनखडीला भूक नसते.
मी विचारलं, मग दरवेळी उतरताना
पाण्याला बोट लावून ओठांशी का नेतोस?
म्हणाला, खारट आहे का बघतो.

माझं काम वरचं.
टाक्यांत हवा भरायची,
होडी धरायची, घड्याळ बघायचं.
हिशेब लेव्हायनं पहिल्याच दिवशी शिकवला:
हवेचे तीन हिस्से.
एक आत जायला.
एक परत यायला.
तिसऱ्याला हात लावायचा नाही.
‘मग तो कुणाचा?’
‘ज्याच्यावर वेळ येईल त्याचा.’

त्या मंगळवारी सोबत पाहुणा होता, बोगुमिल,
लांबच्या थंड मुलखातला, खाणकामगाराचा मुलगा,
हसताना दात लपवणारा.
पाणी थबकलं. तिवराचं एक पान
भोकाच्या मधोमध आलं आणि कुठेच जाईना.
हीच ती वेळ. दोघं उतरले.
रिळाची पांढरी दोरी त्यांच्यामागून गेली,
जशी ओमेलियाआत्या टोपली विणताना
ताडाची पात ओढून घेते, न बघता.

मग बुडबुडे.
मग कडेच्या कपारीखाली बुडबुडे.
मग काही नाही.

चाळीस मिनिटांत पातेलंभर वाटाणाभात
शिजतो, आणि निवतोही.
पन्नासाव्या मिनिटाला पान हललं.
ओहोटी लागली. भोक श्वास सोडू लागलं:
कुजक्या अंड्यांचा वास, दुधाळ गाळ,
स्पंजाचा तुकडा,
आणि एक निळा रबरी पंख, पोहणाऱ्याच्या पायातला.
एकच.
घड्याळाची तबकडी मी मनगटाच्या आत वळवली.

वर आले तेव्हा एका टाकीवर दोन तोंडं होती.
बोगुमिल होडीची कड धरून
कुणाचं तरी नाव घेत होता, पुन्हा पुन्हा.
लेव्हायच्या छातीवरचा काटा शून्याला टेकला होता.
मी काही विचारलं नाही.
त्याच्या हाताची बोटं दोरीवरून सुटेनात,
ती मी एकेक करून उघडली.

रात्री, मासा पुढ्यात घेऊन, तो आपणहून बोलला.
‘गाळ उठला. हात नाकाशी आणला तरी दिसेना.
दोरी तेवढी बोटांत. गाठ, बाण, गाठ.
पण त्याच्या आधी, ऐक,
त्याच्या आधी एक दालन लागलं.
आपलं चर्च त्यात तीनदा मावेल, घंटेसकट.
वरून दगडाचे सुळके लोंबताहेत, माणसाएवढे,
थेंब थेंब साचलेले.
म्हणजे तिथे कधीकाळी हवा होती.
पाऊस झिरपत होता.
समुद्र नंतर आला.
मी दिवा विझवला.’
‘कशाला?’
‘आपण नसताना ते कसं असतं, बघायला.’
‘दिसलं?’
तो बराच वेळ ताटातला काटा कडेला सारत राहिला.
‘नाही,’ म्हणाला. ‘पण त्याला मी दिसलो असेन.’

सकाळी बोगुमिल विमानानं गेला.
निळा पंख आमच्याकडेच राहिला;
आत्या त्यानं चुलीला वारा घालते.

मी कॉम्प्रेसर सुरू केला.
काटा जिथे थांबवायचा तिथे थांबवला.
मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं.
मग थोडी आणखी सोडली आत,
हिशेबाबाहेरची.